मराठीतून डी अँड डी खेळताना अंतरे फुटांत ठेवावीत की मीटरमध्ये?

कंदीलधारी

आमचा पुण्यातील छोटा गट ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (डी अँड डी) या कल्पित पात्रांच्या भूमिका घेऊन फाशांनी खेळायच्या खेळाची २०१४ मध्ये आलेली पाचवी आवृत्ती खेळतो. पुस्तके इंग्रजी असली तरी टेबलावरचे सारे बोलणे मराठीतच होते. आता गटात काही नवे खेळाडू येणार असून त्यांपैकी काही जण अकरावी-बारावीत शिकणारे आहेत, म्हणून लढाईचे नियम, नेहमीचे स्पेल (मंत्र) आणि कॅरेक्टर शीट (पात्राच्या क्षमतांचा तक्ता) यांची मराठी टिपणे करायला घेतली आहेत. हे काम मापांपाशी येऊन अडले आहे.

मूळ पुस्तकात सर्व काही फूट, मैल आणि पौंडांत आहे. माणसाची एका राऊंडमधील (लढाईच्या एका फेरीतील) चाल ३० फूट, नकाशावरील एक चौकोन ५ फुटांचा, फायरबॉल या अग्निगोळ्याच्या स्पेलची त्रिज्या २० फूट, दिवसाची सर्वसाधारण मजल २४ मैल आणि लाँगस्वर्डचे वजन ३ पौंड. आपल्याकडे वाढलेल्या खेळाडूला यातील फूट तरी ओळखीचे असतात. पौंड आणि मैल मात्र दर वेळी समजावून सांगावे लागतात आणि तेवढ्यात प्रसंगाची पकड सुटते.

सगळेच मीटर, किलोमीटर आणि किलोग्रॅममध्ये आणावे, तर नियमांचा तोल कुठे बिघडेल का, हा माझा मुख्य प्रश्न आहे. त्याशिवाय एक मोहही होतो. आमची मोहीम एका काल्पनिक डोंगरी राज्यात घडते, जिथे कोणी पात्र तोंडाने ‘मीटर’ म्हणाले तर ते कानाला खटकेल. मग कोस, हात, शेर आणि मण वापरले तर काय हरकत आहे? ज्यांनी असा प्रयोग प्रत्यक्ष टेबलावर केला आहे, त्यांनी कृपया लिहावे.

पटमांडणी

लढाईतील फूट काढू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. फूट हे माप श्रेष्ठ आहे, असे मात्र त्यामागचे कारण नाही. या खेळातला फूट हा मुळात फूट नव्हेच; तो चौकोनाचा पाचवा भाग आहे.

याचा उगम पाहिला तर गोष्ट स्पष्ट होते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये आणलेला मूळ खेळ १९७१ च्या ‘चेनमेल’ या युद्धखेळाच्या अंगाने वाढला, आणि युद्धखेळात अंतर म्हणजे टेबलावर पट्टी ठेवून मोजलेले इंच. त्यामुळे सुरुवातीच्या पुस्तकांत चाल आणि पल्ले इंचांतच दिलेले असत. तळघरात एक इंच म्हणजे १० फूट, तर उघड्या मैदानावर तोच इंच १० यार्डांचा. १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’पर्यंत हा प्रकार टिकला होता, आणि त्याची गंमत अशी की बाहेर पडल्याबरोबर स्पेलचा पल्ला तिप्पट होई, पण स्पेलने व्यापलेले क्षेत्र फुटांतच मोजायचे असल्याने जितके होते तितकेच राही. यावरून टेबलाटेबलांवर किती वाद झाले असतील, याची कल्पना करावी. पुढे २००० च्या तिसऱ्या आवृत्तीने पाच फुटांचा चौकोन पक्का केला, आणि तेव्हापासून चाल, पल्ला, त्रिज्या, अंधारात दिसण्याचे अंतर अशा जवळजवळ सर्व संख्या पाचाच्या पटीत बसवलेल्या आहेत.

म्हणजे ३० फूट हा आकडा कोणी माणसाला पळवून आणि घड्याळ लावून काढलेला नाही. तो सहा चौकोनांचा आकडा आहे. तो मीटरमध्ये नेल्याने अधिक खरा होत नाही, केवळ पाचाचा पाढा हातचा जातो.

दुसरी बाब आपल्या सवयीची. भारतात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली आणि पुढील काही वर्षांत ती व्यवहारात रुजली, तरीही आपण माणसाची उंची फुटांत सांगतो आणि फ्लॅट चौरस फुटांत विकत घेतो. “छत दहा फुटांवर आहे” हे वाक्य आपल्या कोणत्याही खेळाडूला समजावून सांगावे लागत नाही. “छत तीन मीटरवर आहे” म्हटले तर मात्र बरेच जण मनातल्या मनात फूट करून पाहतात. आपण घरात फुटांत, रस्त्यावर किलोमीटरमध्ये आणि वाण्याकडे किलोमध्ये विचार करतो. ही सरमिसळ सदोष वाटत असली तरी तीच आपली खरी पद्धत आहे, आणि टिपणेही तिच्याच अंगाने करावीत, असे मला वाटते.

ऱ्हाइनतीर

पटमांडणी यांचा इतिहास मान्य, निष्कर्ष मान्य नाही. मी जर्मनीत राहतो आणि जर्मन पुस्तकांवरून खेळतो. येथील भाषांतरात एक चौकोन दीड मीटरचा आहे, चाल ९ मीटर, फायरबॉलची त्रिज्या ६ मीटर आणि तिचा पल्ला ४५ मीटर. काटेकोर रूपांतर केले तर ५ फूट म्हणजे १.५२४ मीटर होतात. तो शेपटाचा भाग भाषांतरकारांनी सरळ सोडून दिला आहे आणि त्यांनी तो सोडला म्हणूनच ही पद्धत चालते. फ्रेंच पुस्तकांतही हीच दीड मीटरची रीत आहे.

धागाकर्त्यांचा मूळ प्रश्न तोल बिघडण्याविषयी होता, आणि त्याचे उत्तर असे की सर्वच अंतरांना एकाच गुणोत्तराने गुणले तर काहीही बिघडत नाही. जुन्या आवृत्त्यांत फायरबॉल बंद जागेत पसरत जाऊन आपले पूर्ण आकारमान भरून काढीत असे, आणि ते आकारमान सुमारे ३३,००० घनफूट, म्हणजे दहा फुटी बाजूचे सुमारे ३३ घन, असे दिलेले होते. आता ६ मीटर त्रिज्येचा गोल घेऊन ३ मीटर बाजूचे घन मोजा. उत्तर पुन्हा तेहतीस-साडेतेहतीसच येते. प्रत्यक्षातील स्फोट फुटांच्या स्फोटाहून सुमारे पाच टक्के लहान झाला, पण खोलीही त्याच प्रमाणात लहान झाली, त्यामुळे कोण भाजला आणि कोण वाचला यात फरक पडत नाही.

खरी अडचण दीडच्या अपूर्णांकाची आहे. तीन चौकोन म्हणजे साडेचार मीटर, पाच म्हणजे साडेसात, आणि खडतर जमिनीवर चाल दुप्पट खर्च होऊ लागली की डोक्यात दशांश चिन्हे नाचू लागतात. पूर्वीच्या मराठी शाळांतून दीडकी पाठ करून घेतली जात असे, त्या पिढीला हे सहज जमले असते; आजच्या मुलांना ती येत नाही, आणि येथील जर्मन मुलांनाही येत नाही. म्हणून आमच्या टेबलावर पुस्तकात मीटर असले तरी चाल मोजताना सगळे जण चौकोनच मोजतात.

सांगायचा मुद्दा असा की अडचण मेट्रिक मापांत नसून पाच फुटांसाठी बनवलेल्या चौकटीवर ती नंतर चढवण्यात आहे. जे खेळ पहिल्यापासून मीटरमध्ये रचले गेले त्यांत हा त्रास दिसत नाही. स्वीडनहून आलेल्या ‘ड्रॅगनबेन’मध्ये चौकोन दोन मीटरचा आहे आणि माणसाची चाल दहा मीटर, हिशेब पाच चौकोनांत संपतो.

सहाबाजू

मग एकक ‘चौकोन’च ठेवावे आणि फूट-मीटर दोन्ही गाळावेत. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने नेमके हेच केले होते: चाल ६, पल्ला १०, स्फोट ३. टिपणे अर्ध्या जागेत बसतील.

पटमांडणी

सहाबाजू, नकाशा मांडलेला असेल तोवर आपली सूचना उत्तम आहे. परंतु आमच्याकडे निम्म्याहून अधिक प्रसंग नकाशाशिवाय, केवळ वर्णनावर चालतात. तेथे पहारेकरी “आठ चौकोनांवर उभा आहे” असे सांगितले की तो पहारेकरी उरत नाही, सोंगटी होतो. शिवाय चौकोनात न मावणारी मापे या खेळात पुष्कळ आहेत. दोराची लांबी, खंदकाची रुंदी, भिंतीची उंची ही सारी वर्णनातून येतात.

ऱ्हाइनतीर यांच्या गुणोत्तराच्या मुद्द्यालाही एक अपवाद आहे. पाचव्या आवृत्तीत धावत येऊन मारलेल्या लांब उडीचे अंतर म्हणजे पात्राच्या स्ट्रेंग्थचा (ताकदीचा) आकडा, तितके फूट. स्ट्रेंग्थ १३ असेल तर उडी १३ फुटांची. कोष्टक नाही, गुणाकार नाही. उंच उडी म्हणजे ३ अधिक स्ट्रेंग्थ मॉडिफायर (ताकदीच्या आकड्यावरून ठरणारी छोटी अधिक-उणे संख्या), तेही फुटांत. येथे फूट हे केवळ नाव नसून नियमाचा सांधा आहे. मीटरमध्ये जाताच तेरा गुणिले तीस सेंटिमीटर, म्हणजे ३.९० मीटर, असे करावे लागते, आणि ऐन दरीच्या काठावर कोणी हा गुणाकार करीत बसावे अशी अपेक्षा करणे बरे नव्हे.

ऱ्हाइनतीर

उडीच्या बाबतीत आपण म्हणता ते खरे आहे. मात्र हा हिशेब पात्र तयार करताना एकदाच करून कॅरेक्टर शीटवर लिहून ठेवता येतो, कारण स्ट्रेंग्थ काही रोज बदलत नाही. उंचावरून पडण्याचा नियम, जो माझ्या अनुभवात उडीपेक्षा अधिक वेळा लागतो, तो मीटरमध्येही तितकाच सोपा आहे: दर १० फुटांना एक सहाबाजू फासा, त्याऐवजी दर ३ मीटरला एक, कमाल वीस फासे, म्हणजे २०० फुटांऐवजी ६० मीटर.

ओझेवाला

अंतरावर बरीच चर्चा झाली, वजनाकडे कोणी पाहिले नाही. मला तेथील बदल सर्वांत आवश्यक वाटतो, आणि सुदैवाने तोच सर्वांत सोपा आहे.

एक पौंड म्हणजे अर्धा किलो धरावा. खरा पौंड ४५४ ग्रॅमचा आहे, तेव्हा आपण सुमारे दहा टक्क्यांनी जास्त मोजतो. पण वस्तूंची वजने आणि वाहण्याची क्षमता या दोन्हींना तोच नियम लावला की पात्राला पूर्वीइतक्याच वस्तू नेता येतात. वाहण्याची क्षमता स्ट्रेंग्थ गुणिले १५ पौंड आहे, ती स्ट्रेंग्थ गुणिले साडेसात किलो होईल. स्ट्रेंग्थ १६ च्या योद्ध्याला १२० किलो, आणि त्यातील साडेबत्तीस किलो ६५ पौंडांच्या प्लेट चिलखताने आधीच खाल्लेले. हे ऐकल्यावर नव्या खेळाडूला चिलखताचा भार लगेच उमगतो, कारण घरी आणलेल्या तांदळाच्या कट्ट्याचे वजन त्याला ठाऊक असते. “पासष्ट पौंड” ऐकून त्याच्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही.

नाण्यांचा हिशेब तर मेट्रिकमध्ये अधिकच सुबक होतो. पाचव्या आवृत्तीत ५० नाणी मिळून एक पौंड भरतात. आपल्या नियमाने १०० नाण्यांचा एक किलो, म्हणजे नाणे १० ग्रॅमचे. पहिल्या ‘ॲडव्हान्स्ड’ आवृत्तीत १० नाण्यांचाच एक पौंड होत असे, म्हणजे एकेक नाणे ४५ ग्रॅमचे! ब्रिटिश काळातील चांदीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा होता, हे लक्षात घेतले तर आपले दहा ग्रॅमचे नाणे खऱ्या नाण्याच्या बरेच जवळ जाते. दोन हजार मोहरांचा पेटारा वीस किलोचा असतो, आणि तो कोणी उचलायचा यावर आमच्याकडे एक संपूर्ण रात्र रंगली होती.

जाता जाता, नुसत्या वजनाच्या बेरजा कोणी मनापासून करीत नाही, हेही नमूद करतो. किलो वापरल्याने त्या बेरजा अर्थपूर्ण होतात, आवडत्या होत नाहीत.

दप्तरी

कोस, हात आणि मण यांविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून दोन शब्द.

प्रवासासाठी कोस जरूर घ्यावा. तो सरसकट दोन मैलांचा धरण्याची रूढी आहे आणि पाचव्या आवृत्तीचे प्रवासाचे आकडे त्यात आश्चर्य वाटावे इतके नीट बसतात: सावध चालीने दिवसाला १८ मैल म्हणजे नऊ कोस, नेहमीच्या चालीने २४ मैल म्हणजे बारा कोस, घाईने ३० मैल म्हणजे पंधरा कोस. सहा मैलांचा षटकोन वापरून रानाचा नकाशा काढण्याची पद्धत पुष्कळ डीएम (खेळ चालवणारे सूत्रधार) पाळतात. तो षटकोन तीन कोसांचा झाला. किलोमीटरमध्ये हेच २४ मैल ३८.६ होतात, आणि चाळीस धरले तरी नऊ-बारा-पंधरा यांची ठेवण त्यात येत नाही.

हात मात्र लढाईत घेऊ नये. हात दीड फुटांचा, त्यामुळे पाच फुटांच्या चौकोनात तीन हात आणि वर एक तृतीयांश येतो. विहिरीची खोली पुरुषांत किंवा भिंतीची जाडी हातांत सांगणे वर्णनापुरते शोभून दिसेल, कारण तेथे कोणी फासे टाकून मोजणार नाही.

मण आणि शेर यांच्याबाबत वेगळा इशारा द्यावासा वाटतो. जुन्या मापांचे स्वरूप असे होते की एकाच नावाखाली गावोगाव निरनिराळी वजने चालत. मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे पावणेतेरा किलोच्या आत, तर बंगालचा प्रमाणित मण ८२ पौंडांहून थोडा अधिक, म्हणजे सुमारे ३७ किलो. दोन्हींत शेर मात्र चाळीसच. कॅरेक्टर शीटवर मण लिहिला तर खेळाडूंपुढे कोणता मण हा प्रश्न उभा राहील, आणि तो प्रश्न शीटवर असता कामा नये. तो गोष्टीत असावा. एका पेठेत भरलेले धान्य दुसऱ्या पेठेत मोजल्यावर दोन तृतीयांशांनी घटलेले दिसते, व्यापारी दरोड्याचा आरोप करतात आणि तपासासाठी आपल्या पात्रांना पाठवले जाते. कुठेच चोरी झालेली नाही हे त्यांना कळेपर्यंत दोन सत्रे सहज निघतील.

जर्मन मंडळींचा ‘दास श्वार्त्सं आउगं’ हा १९८४ चा खेळ या बाबतीत चतुर आहे. त्यातील जगाची स्वतःची मापे आहेत, पण एक पाऊल म्हणजे बरोबर एक मीटर, एक मैल म्हणजे हजार पावले आणि एक दगड म्हणजे एक किलो. पात्रे जुनाट बोलतात आणि खेळाडू मुकाट्याने मेट्रिक मोजतात. ऱ्हाइनतीर यांनी तो खेळला असेल तर त्यांनी भर घालावी.

आणखी एक निरीक्षण, ज्याचा नियमांशी संबंध नाही. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस, १,०८९ चौरस फूट. फायरबॉल जमिनीवर व्यापते ते वर्तुळ सुमारे १,२५७ चौरस फुटांचे असते. जमिनीच्या व्यवहारात मुरलेल्या आमच्या एका खेळाडूला “गुंठाभर रान पेटते आणि वर थोडे” असे सांगितले, त्यानंतर त्याने आपल्या साथीदारांच्या जवळ ती कधीही टाकली नाही.

ऱ्हाइनतीर

खेळलो आहे. आपण सांगितलेली मापे बरोबर आहेत. त्यात वीतभराचे एक माप २० सेंटिमीटरचे आणि बोटाचे २ सेंटिमीटरचे धरतात, म्हणजे तेही सरळ दशमानातच बसते. तेथे नव्या खेळाडूला मापांविषयी प्रश्न विचारताना मी पाहिलेले नाही. मात्र ते जग पहिल्या दिवसापासून तसे रचलेले होते. पाच फुटांच्या नियमांवर तशी नावे चिकटवली तर हिशेबही पाच फुटांचाच राहील.

कंदीलधारी

सर्वांचे आभार. माझा विचार आता असा ठरत आहे: लढाईत आणि इमारतींच्या वर्णनात फूट तसेच राहतील, कारण उडीचा नियम आणि पाचाचा पाढा ही दोन्ही कारणे मला पटली, वजन सगळे किलोमध्ये, पौंड म्हणजे अर्धा किलो या नियमाने, आणि प्रवास कोसांत, ज्याचे किलोमीटर कोणी विचारलेच तर एका कोसाला तीन सांगेन आणि पुढे जाईन. ऱ्हाइनतीर यांची दीड मीटरची पद्धत मला चुकीची वाटत नाही. आमच्या टेबलावर तिची गरज नाही इतकेच. मण-शेरांची पेठ मात्र मी निश्चितपणे उचलणार आहे, तेव्हा आमच्या गटातील कोणी हा धागा वाचत असेल तर त्याने दप्तरी यांचा प्रतिसाद विसरून जावा.

एक व्यावहारिक प्रश्न उरतो. विकत घेतलेले पीडीएफ नकाशे ए-फोर कागदावर छापले की चौकोन किंचित लहान येतात आणि मिनिएचरच्या (पात्रांच्या छोट्या पुतळ्यांच्या) तळव्या रेषेबाहेर जातात. हे कशामुळे होते?

सहाबाजू

ते नकाशे अमेरिकन लेटर आकारासाठी, म्हणजे साडेआठ बाय अकरा इंचांसाठी बनवलेले असतात. ए-फोर कागद लांबीला जास्त पण रुंदीला २१० मिलिमीटर, म्हणजे जेमतेम सव्वाआठ इंच असतो. छपाईच्या खिडकीत ‘फिट’ निवडलेले असेल तर प्रिंटर संपूर्ण पान रुंदीत बसवण्यासाठी सुमारे तीन टक्क्यांनी आवळतो, आणि २५.४ मिलिमीटरचा चौकोन २४.७ वर येतो. मिनिएचरच्या तळव्या २५ मिलिमीटरच्या असल्याने त्या तेवढ्याने बाहेर येतात. फुटांच्या खेळातील पुतळ्या मात्र पहिल्यापासून मिलिमीटरमध्येच मोजल्या जातात, हेही या निमित्ताने लक्षात घ्यावे.

‘ॲक्चुअल साइझ’ किंवा १०० टक्के निवडून छापा. कडेची थोडी पट्टी कापली जाईल, आठ पूर्ण चौकोन मिळतील. स्वतः नकाशा काढणार असाल तर इंचाच्या भानगडीत न पडता शाळेतल्या सेंटिमीटरच्या आलेख कागदावर दर २५ मिलिमीटरला रेघ ओढावी. ए-फोर आकाराच्या कागदावर आठ बाय अकरा चौकोन बसतात, आणि तळव्या रेषेला रेष लागून उभ्या राहतात.